मामा, तुम्ही शिकवत नव्हता

मामा, काल सकाळी सोप्यातली तुमची कॉट आम्ही बाहेर काढली. एका बाजूनं विक्रमनं धरली, दुसऱ्या बाजूनं मी. (तुमच्यासमोर मी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. लिहिताना घेते, रागावू नका.) कॉट गेली आणि सोपा एकदम मोठा दिसायला लागला. मनू त्या मोकळ्या जागेत आली, हात पसरून गोल फिरली आणि फरशीवर मांडी ठोकून सागरगोटे खेळायला बसली. मी दारात उभी होते. मला वाटलं होतं, आता रडू येईल. आलं नाही. खोटं कशाला बोलू, मोकळं वाटलं.

सासरा गेला आणि सुनेला मोकळं वाटलं, हे आपल्या तासगावात चारचौघांत बोलायची सोय नाही. पण तुमच्याशी बोलताना मी कधी चारचौघांचा विचार केला नाही, आणि तुम्हीही केला नाहीत. म्हणून तर एवढी भांडणं झाली आपली. तुम्ही सुटलात, याचं मला बरं वाटतंय. पाठ सोलवटली होती तुमची, कूस बदलताना तुम्ही दात आवळायचात ते मला दिसायचं. पण तेवढंच नाही. आणखी कशातून तरी मीही सुटले आहे, आणि ते काय ते मला नीट सांगायचंय. सांगायला तुमच्याशिवाय माणूस नाही.

तुम्ही जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आणि तुमच्या घरात, तुमची थोरली नात शाळेतून काढली मी.

ती सकाळ तुम्हाला आठवत असेलच. सई पहिलीला होती. घरात दिवसभर चिवचिव करणारी पोर वर्गात तोंड उघडत नव्हती. आधी बाई म्हणाल्या, लाजाळू आहे. मग रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. तेही मी निभावून नेलं असतं. पण दिवाळीनंतर ती घरीसुद्धा गप्प झाली. पाणी हवं असलं तर माठाकडं बोट दाखवायची. त्या दिवशी मी तिला स्कूटरवरून शाळेच्या फाटकाशी नेली, तर ती खाली उतरेना. रडली नाही, हट्ट केला नाही. माझ्या पाठीला नुसती डोकं टेकून बसली. तिचं हृदय माझ्या पाठीवर धडधडताना मला कळत होतं. मी स्कूटर वळवली.

तुम्ही ओट्यावर चहा पीत होता. "काय इसरलं?" तुम्ही विचारलंत.

"काही विसरलं नाही मामा. उद्यापासून ती शाळेत जाणार नाही. मी घरी शिकवणार आहे."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "घरी म्हंजे? शिकवणी?"

"शिकवणी नाही. घरीच. खेळत, काम करत, शिकेल तसं."

"शीतल," तुम्ही म्हणालात, "मी आख्खं आयुष्य लोकांच्या दारात जाऊन पोरं शाळंत आणली. ऊसतोडीवरनं आणली, मेंढरामागनं आणली. आन आता माझ्याच दारातली पोरगी घरात बसणार व्हय?"

त्यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही. तुम्ही मात्र बोलायचे थांबलात. म्हणजे माझ्याशी. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, असत्या तर मध्ये पडल्या असत्या, पण त्या जाऊन तेव्हाच बरीच वर्षं झाली होती. विक्रम द्राक्षबागेत. घरात तुम्ही, मी, रांगणारी मनू आणि न बोलणारी सई.

आणि मग तुम्ही तिला निरोप्या केलंत. "सई, तुझ्या आईला सांग, चहात साखर कमी हाय." ती नुसती माझ्याकडं बघायची. तुम्ही ओट्यावरून ओरडायचात, "सांगितलंस का न्हाई?" मग ती स्वयंपाकघरात येऊन माझा पदर ओढायची आणि कानात सांगायची, "साखर." मीही हट्टी. मी म्हणायचे, "आज्जाला सांग, डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितलीय." ती जायची. तिकडून उत्तर घेऊन यायची. आधी एक शब्द, मग अर्धं वाक्य. एके दिवशी मी पोळ्या लाटत होते तर ती कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, "आज्जा म्हनतोय, डॉक्टरला काय कळतंय? आन मला आता कटाळा आलाय. तुमचं तुमी बोला की!"

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. बाहेर तुम्हीही ऐकलं असणार. मग तुम्ही आत आलात आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा थेट माझ्याशी बोललात. "शीतल, च्या टाक. साखर तुला वाटंल तेवढी घाल."

तुम्ही तो अबोला रागानं धरला होता की पोरीचं तोंड उघडायला धरला होता, हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही. कितीदा ओठांवर आलं होतं. खरं सांगू? मला वाटतं, सुरुवात रागानं झाली असेल, आणि मधेच कधीतरी तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही मास्तर होता. तुमच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नसणार.

पण म्हणून तुम्ही माझं म्हणणं मान्य केलंत असं कुठं झालं? तुमचं एक ठरलेलं होतं. घरात जे चाललंय त्याला शिक्षण म्हणायचं नाही, आणि त्यात आपण हात घालायचा नाही. बेदाण्याच्या हंगामात तुम्ही शेडवर निघालात की सई मागं लागायची. तुम्ही माझ्याकडं बघून सांगायचात, "मी शिकवत न्हाई हां. मी माझं काम करतोय. ती बघतीया." आणि मग तुम्ही तुमचं काम इतकं सावकाश करायचात, की दुसऱ्या कुणाला दिसू नये पण पोरीला दिसावं. जाळीवर टाकलेल्या द्राक्षांतली थोडी तिच्या पाटीत वेगळी ठेवायचात. तिनं ती रोज तराजूत घालून बघायची. रोज पाटी थोडी हलकी. ती विचारायची, "आज्जा, ह्यातलं काय गेलं?" तुम्ही म्हणायचात, "मला काय ठावं? तूच बघ." ती द्राक्ष दाताखाली धरायची, आदल्या दिवशीचं, आजचं. "पानी गेलं!" असं ओरडत ती शेडवरून घरापर्यंत पळत आली होती, पायातली एक चप्पल वाटेत टाकून. मी जी गोष्ट तिला वाफ, भांडं आणि चित्रं दाखवून शिकवायला निघाले होते, ती तिच्या जिभेला आधीच कळलेली होती.

मनूचं वाचणं तर मला अजून कोडं आहे. संध्याकाळी तुम्ही तिला बोटाला धरून एसटी स्टँडवर न्यायचात, तुमच्या मित्रांच्या बाकावर. परत आलात की दोघांच्या तोंडाला भज्यांचा वास. एके दिवशी शेजारी बांधकामाच्या विटा पडल्या होत्या. मनू त्यांच्यापुढं उभी राहिली आणि मला म्हणाली, "आई, ह्या विटा ना? मग ह्या गाडीवर कशाला लिवल्यात?" मला कळेना. तेव्हा तिनं मातीत काडीनं काढलं, वाकडंतिकडं पण स्वच्छ: विटा. गाडीची पाटी! स्टँडवर रोज लागणारी विट्याची गाडी. मग तिनं पलूस काढलं, सांगली काढलं. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पेपर वर धरलात, तोंड झाकेल असा. "मी शिकवत न्हाई," पेपरामागून आवाज आला. "गाडी कुठली आली ते मला लांबनं दिसत न्हाई. ती बघून सांगतीया."

आपलं खरं भांडण पाढ्यांवरून. बाकी सगळ्यात आपण कुठंतरी मधे भेटायचो, पाढ्यांवर नाही. तुमचं म्हणणं, सकाळी अंघोळ झाल्यावर देवापुढं उभं राहून पाढे झालेच पाहिजेत. माझं म्हणणं, सातच्या चार जुड्या समोर मांडून ज्या पोरीला अठ्ठावीस दिसतात तिला घोकायची गरज काय?

"पाठ केल्याबिगर डोक्यात ऱ्हातंय काय?"

"कळल्यावर राहतं, मामा."

"कळायला आयुष्य पडलंय. आधी तोंडात बसू दे."

"नुसतं तोंडात बसून काय उपयोग? पोपटाच्याही बसतं."

"मग मी काय जन्मभर पोपट पाळलं व्हय गं?"

हे संवाद आपण किती वेळा म्हटले असतील! शेवटी शेवटी सईच दोन्ही बाजूंनी म्हणून दाखवायची, तुमचा खोकला आणि माझे हातवारे घालून. तुम्ही हसायचात, मी हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या पाहणीवाल्यांची दुपार मी विसरणार नाही. शाळेत न जाणारी पोरं शोधत दोन तरुण शिक्षक दारात आले. कुणीतरी आपलं घर दाखवलं होतं. तुम्ही बनियनवर ओट्यावर बसला होता. काही न बोलता आत गेलात, शर्ट घातलात, टोपी घातलीत आणि बाहेर येऊन खुर्चीवर ताठ बसलात. मला वाटलं, संपलं. आता मास्तर मास्तरांना मिळणार.

"या घरात शाळाबाह्य कोणी नाही," तुम्ही पुस्तकी मराठीत म्हणालात. ती भाषा घरात मी पहिल्यांदा ऐकत होते. "शाळेत न जाणाऱ्या दोन मुली आहेत. त्यात फरक आहे."

मी चौकट घट्ट धरली. कारण हे वाक्य माझं होतं. मी तुम्हाला म्हटलेलं, आणि तुम्ही ज्याची टर उडवली होती ते.

त्यांनी सईला जवळ बोलावलं. "बाळ, नाव काय तुझं?" सई गप्प. पुन्हा विचारलं. ती माझ्या मागं सरकली आणि मला पुन्हा ती सकाळ आठवली, पाठीला टेकलेलं डोकं. एक जण दुसऱ्याकडं बघायला लागला. तुम्ही तिला "बोल की" म्हणाला नाहीत. डोळे वटारले नाहीत. नुसतं सहज म्हणालात, "सई, पाव्हण्यास्नी जरा शेड दाखवून आन. त्यांनी बेदाणा खाल्लाय, हुताना बघितला नसंल."

ती गेली. ते तिच्या मागं गेले. आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी शेवटी शेडकडं गेले, तर आतून सईचा आवाज येत होता, भरभर, मोठ्यानं. "ऊन नाही लागू द्यायचं, वारं लागू द्यायचं. ऊन लागलं की काळा पडतोय. हात नका लावू सर, त्यावरची पांढरी भुकटी जाती." ते दोघं हातात मूठमूठ बेदाणे घेऊन बाहेर आले आणि तुम्हाला वाकून नमस्कार करून गेले.

तुम्ही टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीत आणि मला दम दिलात, "मी तुझ्या बाजूनं बोललो असं समजू नगंस. परक्या मानसापुढं घरचं भांडण मांडायचं नसतंय. पोरीला पाढं येत न्हाईत, ते मी बोललो न्हाई. माझीच अब्रू गेली असती."

त्यानंतर गेला पावसाळा सरता सरता, छाटणीच्या गडबडीत, तुम्हाला अर्धांगाचा झटका आला. मिरजेच्या दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं तेव्हा उजवा हात लुळा होता आणि शब्द गेले होते. सगळे. तुम्हाला सगळं कळत होतं, ते तुमच्या डोळ्यांत दिसत होतं. पण तोंडातून "आं… आं…" शिवाय काही येत नव्हतं. पाणी हवं असलं की तुम्ही माठाकडं बोट दाखवायचात. ते बघून मी मोरीत जाऊन रडले होते, कारण ते बोट मी आधी एकदा बघितलं होतं.

मोठी माणसं तुमच्याशी कशी वागायची! पाहुणे यायचे आणि तुमच्या कानाशी ओरडायचे, जणू तुम्ही बहिरे झालात. नाहीतर तुमच्यासमोर तुमच्याबद्दल माझ्याशी बोलायचे. तुमच्याशी नीट वागल्या त्या फक्त पोरी. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. सईला तर न बोलणं म्हणजे काय ते ठाऊकच होतं. ती तुमच्या कॉटवर पाय सोडून बसायची, आपलं काम करत, तुम्हाला काही न विचारता. मनूनं मात्र तुम्हाला सरळ खेळात घेतलं. तिचं दुकान होतं सोप्यात, बाटल्यांची टोपणं, चिंचोके, वाट्या. तुम्ही गिऱ्हाईक. आणि दुकानदारीण कडक. नाव घेतल्याशिवाय माल नाही.

"काय पायजे, आज्जा?"

तुम्ही डाव्या हातानं वाटीकडं बोट दाखवलंत.

"बोटावर न्हाई मिळत. नाव सांगा. बे-दा-णा."

मी आतून ओरडणार होते, की आज्जाला त्रास देऊ नको. तेवढ्यात तुमचा आवाज आला. "बे…" सगळा जीव गोळा करून. "बे… बे…" आणि मग, मामा, बांध फुटावा तसं, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ…" स्वच्छ. अडखळल्याशिवाय. वीसपर्यंत! मी कणकेच्या हातांनी बाहेर आले. तुम्ही स्वतःच दचकला होता. डोळे मोठे करून तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मनू मात्र वैतागली होती. "पाढा न्हाई मागितला! बेदाणा म्हना, बेदाणा!"

सांगलीच्या, बोलणं शिकवणाऱ्या त्या बाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, होतं असं. पाठ केलेलं, चालीत म्हटलेलं बरेचदा वाचतं. आपण जुळवून बोलतो ते वेगळं. त्यालाच धरून पुढं जा. मी दारातून बाहेर आले आणि विक्रमला म्हटलं, "मामा पुढचा महिनाभर मला ऐकवणार बघ, आधी तोंडात बसू दे म्हणून." आणि मग लक्षात आलं, की तुम्हाला ते ऐकवता येणार नाही. मग मीच ऐकवलं. घरी येऊन तुमच्यापुढं बसले आणि तुमच्या आवाजात म्हटलं, "कळायला आयुष्य पडलंय, आधी तोंडात बसू दे." तुम्ही डाव्या हातानं मांडीवर थाप मारलीत. तेवढं हसताना तुम्हाला आजारपणात मी बघितलं नव्हतं.

मग आपल्या घरात खरीखुरी शाळा भरली. सकाळी अंघोळ झाली की पोरी तुमच्या कॉटपाशी. तुम्ही पाढा सुरू करायचात आणि त्या मागून म्हणायच्या. मी ज्याला इतकी वर्षं नको म्हटलं ते माझ्या सोप्यात घुमायला लागलं, आणि मला त्याचा राग येईना. पाढ्याच्या चालीवर सईनं दुसरे शब्द बसवले. "पाणी द्या पाणी, चहा द्या चहा." ती चालीत म्हणायची, तुम्ही चालीत म्हणायचात. संक्रांतीच्या आधी तुम्हाला "पाणी" आलं. मग "मनू". "सई" लवकर आलं नाही, ती रुसली नाही, ती रोज तुमच्यापुढं ओठ करून दाखवायची. "बेदाणा" तर फारच उशिरा आलं, आणि मनूनं अख्खी वाटी तुमच्यापुढं ओतली.

माझं नाव तुम्हाला आलं नाही. "शीतल" जड आहे तोंडाला, मला कळतं ते.

शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. पोरी अंगणात होत्या. मी तुमच्या पायांना तेल लावत होते. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात, मला थांबवलंत. मग अंगणाकडं बोट केलंत. मग माझ्याकडं. तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले. काही येईना. कपाळाची शीर फुगली. मी म्हटलं, "राहू द्या मामा, कळलं मला." तुम्ही जोरात मान हलवलीत. नाही, कळलं नाही. आणि मग हातात जे होतं तेच घेतलंत. "बे एके बे…" हळूहळू, माझ्याकडं बघत, एकेक आकडा पुढं ठेवत. मी ऐकत राहिले. संपल्यावर तुम्ही उशीवर मान टाकलीत आणि डोळे मिटून स्वतःशीच हसलात, काम झाल्यासारखे.

तुम्ही नेमकं काय म्हणालात? "बरं केलंस" म्हणालात, की "आता तरी शाळेत घाल" म्हणालात? मी त्यावर फार विचार केला. आता सोडून दिलाय. तुमचं सांगून झालं होतं, हे मी बघितलंय. तेवढं बास.

तुम्ही गेलात तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं. बेदाणा शेडवरून उतरला होता. तुम्हाला खुर्चीत ओट्यावर बसवलं होतं, शेजारी मनू. तुमचं दोघांचं पाढे म्हणणं चाललं होतं. मी आत भाजी चिरत होते, आवाज कानावर येत होता, तो थांबला तेही माझ्या लक्षात आलं नाही. मनू आत आली.

"आई, आज्जाला पुढचं आठवंना. मी सांगितलं, तरी म्हनंना."

मला तिथंच कळलं. बाहेर आले तर मान कलली होती, चेहरा शांत. डाव्या हाताची मूठ मनूच्या फ्रॉकच्या खिशातल्या खडूनं पांढरी झालेली. कुठली नळी नाही, यंत्र नाही, काचेचं दार नाही. जन्मभर ज्या आवाजात तुम्ही राहिलात त्या आवाजात, पोरीशेजारी बसून तुम्ही गेलात. मनूला मी सांगितलं, आज्जाला आता पुढचं म्हणायचं नाहीये. ती म्हणाली, "दमला असंल." मग तिनं तुमचा हात तुमच्या मांडीवर नीट ठेवला.

दहाव्याला मांडवात खूप माणसं होती. तुमचे विद्यार्थी आले होते, काहींचे केस तुमच्यापेक्षा पांढरे. पाटणच्या तुमच्या एक मावसबहीणही आल्या होत्या. त्यांनी सईला जवळ घेतलं आणि भरल्या मांडवात विचारलं, "कितवीला हाईस गं?"

हा प्रश्न लग्नाकार्यात तुम्ही झेलायचात, मामा. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही काहीतरी इयत्ता ठोकून द्यायचात, दर वेळी वेगळी, आणि विषय पावसापाण्यावर न्यायचात. आता तुम्ही नव्हता. माणसं वळून बघायला लागली. मी पुढं झाले, पण सईनं हात आडवा केला. मला. थांब म्हणून.

"मी कितवीला न्हाई," ती म्हणाली. आवाज थोडा कापत होता, पण मांडवाच्या टोकापर्यंत जात होता. "मी घरी शिकते. माझ्या वर्गात मनू हाय. आन आज्जा होता."

"आज्जा शिकवत होता व्हय?"

"न्हाई. आज्जा शिकत होता. आमी तिघं शिकत होतो."

मागून तुमचा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "मग गुरुजी पास झालं का गं?"

सईनं विचार केला. खरोखर विचार केला. "आमच्यात पास-नापास नसतंय," ती म्हणाली. "पन आज्जाला शेवटी माझं नाव आलं होतं."

मग विक्रम हसला, तुळतुळीत डोक्यानं, डोळ्यांत पाणी आणून, आणि मग सगळा मांडव. दहाव्याचा मांडव हसताना मी तरी पहिल्यांदा बघितला. पाटणच्या त्या बहीणबाईंनी सईच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

मामा, मी कशातून सुटले ते मला तिथं कळलं. इतकी वर्षं माझ्या छातीत एक दगड होता. मी ती स्कूटर वळवली ते चूक तर नव्हतं? पोरीचं वाटोळं तर करत नाही मी? तुमच्याशी भांडताना मी इतकी ठाम असायचे, ते तुम्हाला पटवायला नव्हे, मला पटवायला. आणि तुम्ही जर माझ्याशी भांडला नसता, तर मी किती एकटी पडले असते! कुणी "असू दे, तुला हवं ते कर" म्हटलं असतं तर मी त्या दगडाखाली दबून गेले असते. तुम्ही रोज त्याचं एक टोक धरलंत. हे तुम्हाला कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

काल रात्री जेवताना सईनं सहज विचारलं, "आई, जूनमध्ये मी शाळा कशी असते ते बघून येऊ? एक आठवडा. आवडली तर जाईन."

विक्रमनं माझ्याकडं बघितलं. मी पोटात काही होतंय का ते बघत राहिले. काही झालं नाही. मी तिच्या ताटात भात वाढला आणि म्हटलं, "ये की बघून."

तुम्ही असता तर आत्ता ओट्यावरून ओरडला असता, "बघ, मी म्हनलं न्हवतं!" आणि मी म्हणाले असते, तिनं स्वतः विचारलंय मामा, त्यात सगळं आलं. चहा गार होईस्तोवर चाललं असतं आपलं. ती शाळेत गेली तर तुम्ही जिंकलात असं मी काही कबूल करणार नाही. नाही गेली तर मी जिंकले असंही नाही. तिला आवडलं नाही तर ती घरी येईल आणि सांगेल.

मामा, तिला आता सांगता येतं.